पासंग

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी ती येते,
पांढऱ्या पिकअपमधून, मागे धुळीचं लांब शेपूट.
बोइखुत्सो म्मोलावा. वजनमापं खातं, गांझी जिल्हा.
आधी बूट झटकते, मग दुमेलांग म्हणते,
मग चहाला नाही म्हणते.
एकदा कारण विचारलं, तर म्हणाली,
तुझ्या चहात साखर फार असते.

मी गुरांच्या काट्यावर बसतो. एकवीस वर्षं.
बैल चढतो, सुई थरथरते, थांबते,
मी आकडा ओरडतो
आणि मालक बैलाकडे बघतो, माझ्याकडे नाही.
फार उशिरा कळलं मला,
तो माझ्याकडे बघत नाही
ही केवढी मोठी गोष्ट आहे.

आजा सांगायचा, त्याच्या वेळी
व्यापारी वॅगनमधून यायचे.
काटा त्यांचा, कंदील त्यांचा, आकडाही त्यांचाच.
बैल तेवढा आमचा,
तोही दांडी मारेपर्यंत.

ज्या वर्षी पावसाने दडी मारली
(इथलं नाणंसुद्धा पावसाच्या नावाचं,
त्यामुळे दोन्ही एकदमच आटतात)
त्या वर्षी पीठ विकणाऱ्या मोत्सामाईच्या तराजूखाली
तिला शिशाचा तुकडा सापडला,
अंगठ्याच्या नखाएवढा.
मोत्सामाई हसला. म्हणाला, अगं, पासंग आहे तो.
मोत्सामाई तिचा सख्खा मामा.

ती गुडघ्यांवर बसली होती.
उठायला तिला वेळ लागला.
मग लाल चिठ्ठी चिकटवली, दंड लिहिला,
आणि नात्याचा रकाना नव्हता म्हणून
समासात बारीक अक्षरांत:
तपासनीस ही दुकानदाराची भाची आहे,
दुसऱ्या अधिकाऱ्याने पुन्हा तपासावे.

संध्याकाळी गॅबरोनहून फोन आला.
कोणाचा, ते ती आजही सांगत नाही.
ऐकत राहिली, हो हो म्हणत राहिली,
फोन ठेवला
आणि त्याचीही नोंद केली. पाच वाजून वीस मिनिटं.

मग काय झालं?
काही नाही.
तिची बदली झाली नाही. मामाने दंड भरला,
दोन वर्षं अबोला धरला,
मग तिच्या मुलीच्या लग्नात बकरा पाठवला.
तो तिने तोलला नाही.

सरकार बदललं त्या सकाळीही
मी सातला काटा शून्यावर आणला.
काही देशांत अशा सकाळी
लोक दारं लावून बसतात, पाणी भरून ठेवतात,
असं रेडिओवर ऐकतो.
आमच्याकडे त्या दिवशी सत्तेचाळीस बैल आले, दोन लंगडे.
हरलेल्या आमदाराचे त्यांत सहा होते.
त्याला वाटलं होतं त्यापेक्षा हलके भरले.
तो पुटपुटला, पावती खिशात घातली, गेला.

काल मी पहिल्यांदाच तिला विचारलं,
तू सगळ्यांचे काटे तपासतेस,
पण तुझी ही वजनं खरी कशावरून?

पिवळ्या फडक्याने ती एकेक पुसत होती.
म्हणाली, दरवर्षी राजधानीला पाठवते.
तिथे बंद खोलीत त्यांना तोलतात,
श्वाससुद्धा लांब धरून.
गेल्या साली पाच किलोवालं नापास झालं.
झिजलं होतं.

कशाने?

पुसून पुसून, ती म्हणाली,
आणि हातातल्या फडक्याकडे बघत राहिली.

बाहेर बैल हंबरला.
मी सुई शून्यावर आणली.
ती वाकून बघत होती,
खरंच शून्यावर आहे का.