चार अंशांवर

पहाटे साडेपाचला डागा हॉस्पिटलातून फोन.
सिस्टर गेडाम एवढंच म्हणतात, "पडली. या."
थर्मासमध्ये बर्फ भरून
स्कूटीवर पायाशी ठेवते, निघते.
गांधीबाग अजून झोपलेली,
हवा मात्र आत्ताच तव्यासारखी.

वार.
आमच्या गावी ती पुरतात, खोल,
कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड.
या बाईनं कागदावर सही केली, ठसठशीत,
आणि विचारलं, "काय करता बाप्पा तिचं?"
म्हटलं, त्यातून एक विकर काढते.
"मंग काढा," म्हणाली, कुशीवर वळली.
मुलगा की मुलगी, विचारायचं राहूनच गेलं.

शीतखोलीत चार अंश. बाहेर सेहेचाळीस.
मे महिन्यात स्वेटर घालून कात्री चालवते.
नाळ कापायची, पापुद्रे सोलायचे,
धुवायचं, पुन्हा धुवायचं, पाणी गुलाबी होईतो,
मग दळायचं,
आणि यंत्राच्या गरगरीत, लाख पट वजनाखाली
तळाशी बसू द्यायचा तांबूस गाळ.
लांजेवार दाराशी उभे. लाइट गेली
की जनरेटरकडे धावतात.
गेल्या शुक्रवारी धावले, पोचले,
डिझेल नव्हतं.
तीन आठवडे नासले. मी रडले नाही,
तर्रीपोहे खाल्ले, नाक गळेस्तोवर तिखट.

आज स्तंभातून थेंब नीट उतरतोय.
एकतिसाव्या नळीपासून फिकट विटकरी:
लोखंडाचा रंग, रक्ताचा लांबचा नातलग.
कार्बन मोनॉक्साइडचे चार बुडबुडे सोडते
तर आलेखाची रेघ चढते, चारशे पन्नासवर,
रामटेकच्या टेकडीसारखी एकटी.

हे विकर काय करतं, तर
टेस्टोस्टेरॉनची एक फांदी धरतं
आणि प्राणवायूचे तीन वार घालतं.
तिसऱ्याला फांदी सुटते,
मुंगीच्या डंखातलं आम्ल होऊन निघून जाते.
उरतं ते इस्ट्रोजेन.
एका कार्बनाची उणीव,
जिच्यावरून माझ्या आजेसासूनं
तीन वेळा बारशाला यायचं नाकारलं.

माझ्या बीजकोशांनी गेल्या दिवाळीत दुकान बंद केलं.
आता नळीवर 'वार १७' लिहिताना
मानेपासून जाळ उठतो, कानांपर्यंत.
चार अंशांत मी स्वेटर काढते,
मग रुमाल शोधते.
लांजेवार काचेतून बघतात, दार किलकिलं करतात,
"मॅडम, कूलर लावू काय?"