अकरा किलो शिसं

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलमागे, मिठागरांच्या अंगाला,
भाड्यानं घेतलेल्या डांबराच्या पट्ट्यावर
सकाळी सहाला आमचं वजन झालं.
चोवीस जण, हेल्मेटसकट, एकेक करून काट्यावर.
भंगारवाल्याकडे असतो तसलाच काटा.

मी अकरा किलोंनी कमी भरले.
केर्सी सरांनी पाना घेतला,
शिशाच्या चपट्या वड्या माझ्या सीटला आवळल्या
आणि म्हणाले, "बस. आता सगळे सारखे."

सारखे.
विहान लालवाणीचे हातमोजे इटलीहून आलेले.
माझे पप्पांच्या केबिनमधले,
बोटांशी उसवलेले, आईनं गोधडीच्या दोऱ्यानं शिवलेले.
त्यांचं वजन कुणी केलं नाही.

पहिला अख्खा दिवस फक्त ब्रेक.
सरळ पट्ट्याच्या टोकाला, खाडीपलीकडे,
माहुलच्या चिमणीवर एक ज्योत जळत असते.
ती काचेच्या बरोब्बर मध्यावर आली
की पाय.
आधी नाही. नंतर तर नाहीच.

"डोळे जिथे, गाडी तिथे," सर ओरडायचे,
"टायरांकडे बघशील तर टायरांत जाशील, दीकरा!"
वसईचा ॲग्नेल बघत राहिला.
गेला.
मनगट धरून हसत बाहेर आला, मग हसायचा थांबला.
दुपारी त्याच्या वाटणीच्या इडल्या आम्ही खाल्ल्या,
आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
तेवीस.

पप्पा मानखुर्दला पाण्याचा टँकर चालवतात.
ते म्हणतात, भरलेला टँकर शहाणा. रिकामाही शहाणा.
अर्धा भरलेला, तो लबाड.
तू थांबतेस, पाणी थांबत नाही,
मागून येतं, ढुशी देतं,
सिग्नलच्या पार नेऊन सोडतं.
म्हणून ब्रेक लवकर लाव
आणि उचलताना पाण्याला विचारून उचल.

सर म्हणतात, उशिरा लाव, दणकून लाव.
सगळं पप्पांच्या उलट.
पण उचलायची गोष्ट आली
तेव्हा सरांनी तळहात असा अलगद वर नेला,
टोपात झोपलेलं दूध उतू जाऊ नये तसा,
आणि मला पाणी ऐकू आलं.

चौथ्या वळणावर मी ते कुणाला सांगितलं नाही.
वरून मोनोरेल जात होती, दोनच माणसं बसलेली,
त्यातल्या एकानं हात केला.
मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं,
पण आता दिसतंय ते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तंबूच्या खांबाला कागद.
कोइम्बतूरला दोघंच जाणार.
लालवाणी. भायखळ्याची झुबेदा सुर्वे.
तिसरं नाव माझं, चुकीचं छापलेलं,
खरटमोलचं खरमोल.
पुढे पेन्सिलीनं: राखीव.
मागे चार शतांश.

"चार शतांश म्हणजे किती, सर?"
त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात धरला,
मग आणखी अर्धा.
"दीड हात. पण आज. उद्याचं मला काय माहीत."

शिसं मीच सोडवलं.
बोल्ट तापलेले होते, एक सटकला,
गुडघ्याला अजून निळं आहे.
अकरा किलो खोक्यात टाकून मी उभी राहिले
तर पाय विचित्र हलके, दुसऱ्याचे असावेत तसे.

गेटबाहेर टँकर उभा.
चेंबूरच्या सोसायटीनं अर्धंच पाणी घेतलेलं,
उरलेलं घेऊन पप्पा तसेच आले होते.
"झालं?"
"राखीव."
"म्हणजे?"
"कुणी पडलं तर मी."
त्यांनी गिअर टाकला.
थोड्या वेळानं म्हणाले, "पडावं असं मनात आणू नकोस."
आणलं होतं.

भक्ती पार्कच्या सिग्नलला लाल लागला.
पप्पांनी लवकर, हळू ब्रेक दाबला.
टँकर थांबला.
आम्ही दोघं समोर बघत, काही न बोलता,
पाणी यायची वाट पाहू लागलो.
आलं.