पंधरावी सही

इतिवृत्तात एवढंच आहे:
सभा सात वाजता. गणसंख्येअभावी तहकूब.
पुन्हा साडेसातला. पुन्हा तेच.
हजर चौदा, नियमानं हवेत पंधरा.
खाली एक ओळ, शाई फिसकटलेली.

चर्चमागच्या खोलीतला धूर इतिवृत्तात नाही,
ओल्या लोकरीचा वास नाही,
घड्याळाकडे न बघण्याची सगळ्यांची खटपट नाही.

आमच्या पिल्केमो बेटाच्या चारी बाजूंना पाणी.
पिण्याचं मात्र मंगळवारी येतं,
तराफ्यावर चढून, टँकरनं.
दर्या खवळला तर गुरुवारी.
एकदा आलंच नाही. तेव्हा बटाटे
समुद्राच्या पाण्यात उकडले, आणि
मीठ वाचलं म्हणून हसलो.

ओरिएतानं नकाशा भिंतीला टाचला होता.
एलेउतेरिओच्या झऱ्यापासून
निळी रेघ, सुबक, पट्टीनं ओढलेली.

पंधरावं कोण?
सगळे शेगडीकडे बघू लागले.
उरली होती एर्मिंदा.
ती आणि नोल्बेर्तो
नऊ वर्षं एकमेकांना पाण्यात पाहतात,
ज्या बेटावर पाणी नाही तिथे.
कारण एक मेंढा.
मेंढा केव्हाच खाऊन झाला.

मी सचिव, म्हणून टॉर्च माझ्या हाती.

दार उघडलं, अर्धंच.
"सगळं ठरवून झालंय ना?
मग मी काय, शिक्का मारायला?"
मी खोटं बोलणार होते.
म्हटलं, "हो. शिक्क्यालाच.
तुमच्याशिवाय तो उठत नाही."
ती हसली नाही. बूट चढवले.
वाटभर गप्प. एका वळणावर फक्त,
"इथे निसरडं आहे."

ती बसली नाही.
सरळ भिंतीपाशी गेली
आणि निळ्या रेघेच्या टोकावर बोट ठेवलं.
"ही इथेच का दमली?
पुढे तीन घरं आहेत.
माझं, बामोंदेंचं,
आणि सेगुंदोचं, ज्याला दिसत नाही."

ओरिएता चष्मा पुसत राहिली.
खरं सांगते, कुणाच्या पोटात काही नव्हतं.
कुठे पाणी मुरत नव्हतं.
त्या तीन घरांतून कधी कुणी आलं नव्हतं, एवढंच.
आणि पेन्सिल
हजर माणसांच्या दारांवरूनच फिरते.

मग नोल्बेर्तो बोलला. शेगडीशी.
"माझ्या कुंपणाखालून न्या. जवळ पडेल."
"किती खोल?" तिनं विचारलं. नकाशाला.
"दोन फूट."
"तीन. ऑगस्टात गोठतं."
"तीन," शेगडी म्हणाली असावी.

रेघ वाढवली. यावेळी हातानं, जरा वाकडी.

हात वर केले:
बाजूनं अकरा, तटस्थ तीन,
विरोधात एक. तीच.
कुणीतरी मागून पुटपुटलं,
नळ तिच्या दारात नेला तरी?

"पंप डिझेलवर चालणार," ती म्हणाली,
"आणि डिझेल येणार
त्याच तराफ्यावरून. मंगळवारी."
खोलीत सुईसुद्धा पडली नाही.
"लिही. कारणासकट लिही."

मी लिहिलं.
ठराव मंजूर झाला, तिच्या हरकतीसकट,
तिच्याच हजेरीमुळे.
ती नसती तर तिला विरोधही करता आला नसता,
आम्हाला होकारही.
सही करायला तिला वेळ लागला.
एकेक अक्षर, जणू विणकामाचा टाका.
ओली बाही कागदावर आली,
ती फिसकटलेली ओळ तीच.

पाइप अजून आलेले नाहीत.
नगरपालिकेचं पत्र आलं,
पत्राला उत्तर गेलं,
उत्तराची पोच हरवली.
टँकर परवाही उशिरा.

काल पुढची सभा होती.
मी सहाला कुलूप काढायला गेले तर
पायरीवर एर्मिंदा,
मांडीवर वहीचा फाटका कागद,
त्यावर पेन्सिलीनं सौर पंपाची किंमत,
तीनदा खोडून पुन्हा मांडलेली.

"उशीर केलास," म्हणाली.