मधून बाहेर

डिपस्टिक पुसली, घातली, काढली:
ऑइल नव्हे, ताक.
ओदिल काठावर बसूनच राहिली.
अख्खा हिवाळा या इंजिनात गेलेला,
पिस्टन न् पिस्टन तिने स्वतः बसवलेला.

युलिस मामा बोलला नाही.
टेरेबॉन बायूच्या गढूळ पाण्यात थुंकला
आणि पाना पुढे केला.

मॅनिफोल्ड उचललं.
पाण्याच्या भोकापाशी गॅस्केट सरकलेलं, नखाएवढं,
आणि खाली बिडावर
तिच्याच अंगठ्याचा तेलकट ठसा,
सही केल्यासारखा.
"पुसायचं राहिलं."
"सोमवारी कोळंबी सुरू," मामा म्हणाला. एवढंच.

मग पातं घेऊन खरवडणं. चिंध्या.
पुसलेलं परत पुसणं.
बोल्ट मधून बाहेर, तिरके,
थोडे आवळून सोडायचे, मग आणखी थोडे;
पाना कट्ट म्हणाला की हात काढायचा.
हे काढणंच तिला जड जायचं.

दिवेलागणीला इंजिन लागलं.
मामाने बागेच्या नळीचा तुकडा कानाला धरून
दुसरं टोक फटीफटीवरून फिरवलं,
बराच वेळ,
मग नळी तिच्या हातात दिली.

कुठूनच फुसफुस नव्हती.
ती तरीही ऐकत राहिली.