एकतिसावा चेंडू

फार्गोच्या बाहेर, बटाट्यांच्या गोदामात,
उणे बावीसमध्ये
लाइल ब्रँडव्होल्ड चेंडू टाकत होता
आणि त्याची बहीण उकिडवी बसून झेलत होती.
मी उलट्या खोक्यावर, मांडीवर रडार गन,
हातातली कॉफी केव्हाच निवलेली.

तीन हंगामांत मिळून एकसष्ट इनिंग.
कोपर दोनदा उघडलेलं.
पहिल्यांदा मनगटातली कंडरा काढून कोपरात ओवली,
दुसऱ्यांदा मांडीतली.
“आता माझ्यात काढण्यासारखं फार उरलं नाही,”
तो म्हणाला, “पुढच्या वेळी हिची घ्यावी लागेल.”
बहीण हसली नाही.

पहिले वीस मी पाहिलेच नाहीत, नुसते ऐकले.
खरा वेगवान चेंडू वाजत नाही, तो मोडतो,
गुडघ्यावर वाळकी फांदी मोडावी तसा.
मग डोळे उघडले. शहाण्णव मैल. सत्त्याण्णव.
आणि तो वळणारा,
टेबलाच्या कडेवरून कुणी हळूच वाटी ढकलावी
तसा बॅटच्या जागेवरून खाली जाणारा.
असा चेंडू मी आयुष्यात चार जणांच्या हातून पाहिलाय,
तिघांची नावं आता कुणाला आठवत नाहीत.

एकतिसावा टाकून झाल्यावर
त्याने हात झटकला.
एकदाच. बोटं ओली असल्यासारखा.
माझ्याकडे पाहिलं नाही.
बहिणीने पाहिलं.

सोमवारी, तळ्याकाठच्या शहरात, नवव्या मजल्यावर
मिसेस कॅव्हानॉने आकडा भिंतीवर टाकला:
एक कोटी दहा लाख.
डॉक्टर पेलेतिए म्हणाले, एमआरआय स्वच्छ आहे,
पण एमआरआयच्या वेळी माणूस झोपलेला असतो.
गणितवाला पोरगा म्हणाला, जुलैपर्यंत टिकण्याची शक्यता
अडतीस टक्के, दशांश चिन्हानंतरचं हवंय का?
मालकाच्या जावयाला गेल्या वर्षीचा डावखुरा आठवला,
दुधाने पोळलोय आपण, असं काहीतरी तो बोलला.
ताक फुंकत बसलो तर तहान कधी भागायची,
हे मी मनातच म्हणालो.
मग सगळी डोकी माझ्याकडे वळली.
“ओरिन, तू होतास तिथे. काही दिसलं?”

माझ्या अर्जात एक रकाना असतो: शारीरिक निरीक्षणे.
एका पोरासमोर मी लिहिलं होतं, ‘खांदा टाकतो’.
दोनच शब्द.
तो आता अमॅरिलोत टायर विकतो,
आणि खांदा त्याचा अजून ठणठणीत आहे.
दुसऱ्यासमोर रकाना कोरा सोडला.
तो मे महिन्यात भर मैदानात गुडघ्यांवर बसला,
हात पोटाशी धरून,
हरवलेलं मांजर सापडल्यासारखा.

उणे बावीसमध्ये कुणीही हात झटकतो.
गाडीची किल्ली फिरवताना मीही झटकला होता.
हे वकिलाचं वाक्य आहे, मला कळतं.

मी सांगितलं:
एकतिसाव्यानंतर त्याने हात झटकला.
त्यानंतर आणखी चौदा टाकले.
शेवटचा सगळ्यांत चांगला होता.

कुणी पहिलं वाक्य लिहून घेतलं, कुणी शेवटचं.
मधलं कुणीच नाही.
बराच वेळ खिडकीबाहेरचा बर्फ पाहून झाला.
एक वर्ष, सत्तर लाख, उरलेले इनिंगच्या हिशेबाने;
म्हणजे हातावर पोट.
त्याने त्याच संध्याकाळी सही केली.

एप्रिल.
मी दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच पोराला बघायला आलोय,
शाळेच्या मैदानाशेजारी गाडी उभी करून
रेडिओ ऐकतोय.
दुसरी इनिंग. मी मोजतोय.
एकोणतीस, फाउल.
तीस, स्ट्राइक.
एकतीस, जरासा बाहेर.
निवेदक वाऱ्याबद्दल बोलतोय,
प्रेक्षकांतल्या एका भल्यामोठ्या टोपीबद्दल बोलतोय.

रेडिओवर हात दिसत नाही.