ठाणं क्रमांक सतरा

चार दिशांना चार खड्डे, मधोमध पेटी.
मीठ कालवलेल्या चिखलात इलेक्ट्रोड बसवायचा,
वरून पाणी ओतायचं, निदान अर्धा कॅन,
म्हणजे जमीन तारेशी बोलू लागते.
दहा वर्षं हेच करतोय. हात आपोआप कलतो.

अफारच्या त्या काळ्या डोंगरापायथ्याशी
हात कललेला असतानाच मागून मोमिना काही बोलली.
हुमेदने ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत माझ्यापर्यंत आणलं:
आधी जमीन पिणार का?

तिच्या शेळ्या उभ्या होत्या, जिभा बाहेर.
मी कॅन सरळ केला.
मग पुन्हा कलता केला, कारण येशीवर्क
मीटर वाचत होती: चार हजार. अजून ओत.
चार हजारांचे नऊशे झाले.
उरलं ते शेळ्यांना. पुरलं नाही.

समजावून सांगायचं काम माझ्याकडे.
म्हटलं, आजी, कुठेतरी लांब, काँगोच्या रानावर,
आत्ता वीज कोसळत असेल.
तिची थरथर इथवर येते आणि जमिनीत उतरते.
सूर्याकडूनही येतात लाटा, फार संथ,
त्या आणखी खोल जातात.
आम्ही नुसतं ऐकतो, जमीन कुठे त्यांना वाट देते
आणि कुठे अडवते.
वाफेने शिजून मऊ झालेली माती
जिथे झाकणासारखी पसरलीय, तिथे वाट सोपी.
त्या झाकणाखाली, कदाचित, उकळतं पाणी.
हुमेदने सगळं सांगितलं.
'कदाचित' तेवढं सांगितलं नसावं,
कारण मोमिना लगेच म्हणाली,
वाफ हवी होती तर विचारायचं.

चढावर नेलं तिने आम्हाला.
एका भेगेवर दगडांची उतरंड, वर गवताची चटई,
खाली मातीने लिंपलेला ओंजळीएवढा खळगा.
रात्री वाफ दगडांना टेकते, गार होते, घरंगळते.
सकाळपर्यंत एक भोपळाभर.
सासूने रचलेलं. कधी कोल्हा पिऊन जातो
तेव्हा त्या दिवशी चहा नाही.
येशीवर्कने भेगेत थर्मामीटर धरला: ब्याण्णव.
वहीत लिहिलं. मोमिनाने भोपळा पुढे केला.
पाण्याला भिजल्या काडेपेटीचा वास होता.
नको म्हणायला मला तोंड नव्हतं.

पेटी रात्रभर ऐकते.
गाडी अर्धा किलोमीटर लांब उभी करायची,
आसपास पाऊल वाजू द्यायचं नाही.
राखणीला हुमेद. त्याला बजावलं,
हलायचं नाही, शेळ्या जवळ आणायच्या नाहीत.
श्वास घेऊ? त्याने विचारलं,
आणि मी हसलो, तो हसला नाही.

सकाळी लॅपटॉपवर रेघ उघडली.
दोनपर्यंत अशी निवळ की येशीवर्क शीळ घालू लागली.
मग तीन दहाला काटेच काटे,
तीन चाळीसपर्यंत.
काय केलंस? ती ओरडली.
हुमेदच्या कोपरापर्यंत रक्त वाळलेलं.
शेळी अडली होती, तो म्हणाला. पिल्लाचे पाय आधी आले.

पायाळू.
हा शब्द तिथे फक्त मला ठाऊक होता.
आमच्याकडे म्हणतात, पायाळूला
भुईतलं पाणी दिसतं,
आणि म्हणतात, वीज त्याला शोधत येते.
मी हे कुणाला सांगितलं नाही.
पाच तालुके ओलांडून, दोन विमानं बदलून,
एवढी यंत्रं घेऊन आलेल्या माणसाने
काय सांगायचं असतं?

ती तीस मिनिटं आम्ही कापून टाकली.
उरलेल्यातून नकाशा झाला,
त्यात तांबडा पदर मोमिनाच्या दगडांखाली
वर उचललेला, पांघरुणाखाली गुडघा असावा तसा.
विहीर खणतील पुढल्या वर्षी, पैसे आले तर.
कोरडीही निघेल. निघतात.

सामान भरताना पाहिलं,
पिल्लू उभं राहिलं होतं, चारही पाय वेगवेगळ्या मताचे.
शेळी उत्तरेकडच्या खड्ड्याशी वाकलेली,
इलेक्ट्रोड उपटल्यावर राहिलेला चिखल चाटत.
मीठ होतं त्यात.
आणि थोडी ओल.