सुकतीची पाहणी

डिसेंबरात एसी कुणी लावत नाही.
त्यामुळे शुक्रवार खरोखर शुक्रवार असतो :
कॉम्प्रेसर बसल्याचा फोन नाही,
शिडी नाही, गच्ची नाही.
पहाटे साडेपाचला शरफू सारंग कंपनीची पिकअप काढतो
आणि आम्ही अल खोरच्या पुढे, थखीराला जातो,
गळ न घेता.

गळ न घेता, हेच रूमवर कुणाला पटत नाही.
कुन्हीमोन चहा गाळता गाळता विचारतो,
मासे आणायला जाता
की माशांना तोंड दाखवायला?

पाणी लांब गेलेलं असतं.
तळ उघडा पडलेला, राखाडी,
सुरकुतलेला, बादलीत पिळून ठेवलेल्या डांगरीसारखा.
आत्ता बघून घे, शरफू म्हणतो,
भरती आली की खाडी सगळ्यांना सारखीच दिसते.

चपला गाडीत. पाण्याला दात आलेत.
पाय उचलायचा नाही, घसटत न्यायचा,
पाकट वाळूत अंग पुरून बसतं.
त्याने उकरलेले खड्डे परातीएवढे.
कड धारदार असली तर रात्रीचा,
कड ढासळली असली तर परवाचा.
शरफू बोटाने कड चाचपतो,
गॅस गळतोय का बघावं तशी.

तिवरांच्या मुळांपाशी कुर्ल्यांची बिळं,
त्यापुढे एक चर.
इथे चहाच्या रंगाचं पाणी एकदम हिरवं होतं.
थंडीच्या रात्री मासा या चरात उतरतो.
दुपारपर्यंत उन्हाने चिखल तापतो,
त्यावरून भरती चढली की पाणी कोमट होतं,
आणि बोय आधी, मग इथले ज्याला शेरी म्हणतात ती,
शेकोटीकडे सरकणाऱ्या माणसांसारखी
पुढे पुढे येतात.
पण शमाल सुटला असेल तर घरी झोप.

मी सर्व्हिस रिपोर्टच्या पाठीवर लिहून घेतो.
चर : तिवराच्या तिसऱ्या बेटापासून चाळीस पावलं.
खोली : माझ्या मांडीएवढी, शरफूच्या कमरेएवढी.
एका फांदीला तो इन्सुलेशनची निळी टेप गुंडाळतो,
दोन वेढे, वर गाठ,
डक्टला गुंडाळतो तशीच.

लांब रोहित उभे आहेत, शंभरेक,
माना खाली घालून. त्यांचीही पाहणी चालू आहे.

मोठं उधाण सतराला.
शरफूचं विमान चौदाला.
फायनल एक्झिट. शिक्का गेल्या सोमवारी बसला.
सोळा वर्षांनी अडखळला परत
(गावाचंच नाव आहे ते, थट्टा नाही),
जिथे त्याच्या वडलांनी दाखवलेला चर
रेतीच्या ड्रेझरने कधीच खाऊन टाकलाय.
तिकडची खाडी मला पहिल्यापासून बघावी लागेल,
तो म्हणतो. लहान पोरासारखी.
यावर काय बोलायचं असतं ते मला सुचत नाही.
मी विचारतो, सतराला उभं कुठे राहायचं?

तो मला धरून उभा करतो,
खांद्याला हलवून थोडा उत्तरेकडे,
आणि स्वतः चरात उतरतो.
छातीपर्यंत पाणी, दात वाजतायत,
बनियनवर कंपनीचा लोगो.
गुडघे मुडपून खाली बसतो,
हनुवटी पाण्याला टेकवतो, माझ्याकडे बघतो.

मी मासा आहे, तो ओरडतो. तू दिसतोस.

मी दोन पावलं मागे होतो.

सावली पडते अजून. मागे.

मी मागे जातो. टाचेला तिवराची मुळं टोचतात.
पाणी फिरलंय बहुतेक,
माझ्या पायाचे ठसे पुढून भरत येतायत.

आता?
मी ओरडतो.

दिसतोस, दिसतोस अजून.